टेकूचा हिशेब

कात्री घ्यायला आलेले गिऱ्हाईक पाते पाहते, मूठ हातात धरून पाहते, अंगठ्याने धार चाचपते आणि मग भाव पाडून मागते. दोन पाती जिथे जोडलेली असतात त्या खिळ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तराजूचेही तसेच. पारडी चकचकीत आहेत ना, वजनांवर शिक्का आहे ना, एवढे पाहिले की गिऱ्हाइकाचे समाधान होते. दांडी मधोमध ज्या पोलादी धारेवर डोलते ती झिजली आहे काय, हे विचारणारा विरळा. आमचे म्हणणे असे की हत्याराचा टिकाऊपणा, कारागिराची हुशारी आणि व्यापाऱ्याची सचोटी या तिन्ही गोष्टी या मधल्या जागी एकवटलेल्या असतात. म्हणून या वेळी व्यापार पानावर तिचाच हिशेब मांडत आहोत.

शाळेच्या पुस्तकात या यंत्राला तरफ म्हणतात. एक कडक दांडा, तो ज्यावर फिरतो तो टेकू, एका जागी उचलायचा किंवा दाबायचा भार आणि दुसऱ्या जागी आपण लावलेले बल, एवढाच तिचा संसार. नियमही एका ओळीचा आहे. भार गुणिले त्याचे टेकूपासूनचे अंतर हे बल गुणिले त्याच्या अंतराइतके असते. पहारीने धोंडा उकरताना टेकूचा दगड धोंड्याला खेटून ठेवायचा, हे कोणत्याही गवंड्याला सांगावे लागत नाही. धोंड्याकडे वीतभर आणि आपल्याकडे पाच विती दांडा असला तर वीस किलोच्या जोराने शंभर किलो हलते. मात्र धोंडा बोटभर उचलायचा तर आपल्याला हात पाच बोटे खाली दाबावा लागतो. तरफ फुकट काही देत नाही. जोर हवा असेल तर अंतर मोजा, अंतर हवे असेल तर जोर मोजा, असा हा रोखीचा व्यवहार आहे.

आपल्या बिरादरीतील धंदे डोळ्यांपुढे आणले तर जवळजवळ प्रत्येकात तरफ सापडते. तांबोळ्यांच्या दुकानातील अडकित्ता घ्या. त्याचा टेकू अगदी टोकाला, सुपारी टेकूला लागून आणि हात दूर मुठीवर. भार मध्ये आणि बल टोकाला असल्याने त्यात नेहमी जोराचाच फायदा मिळतो. सुपारीसारखी टणक वस्तू बसल्या बसल्या कातरता येते ती यामुळे. चिमट्याचे याच्या उलट आहे. टेकू एका टोकाला, बोटे मधोमध, निखारा दुसऱ्या टोकाला. येथे जोर कमीच मिळतो, पण हात विस्तवापासून लांब राहतो आणि बोटांच्या थोड्या हालचालीने टोके बरीच उघडतात. भिवंडी-मालेगावच्या साध्या मागावर धोट्याला फटका देणारा लाकडी दांडा असतो, तोही याच जातीचा. मुळाशी थोडीशी हालचाल, टोकाला मोठी. तेथे जोर नको असतो, वेग हवा असतो. मोमीन बांधव तो दांडा रोज हाताळतात. चिमटा आणि हा दांडा एकाच घरातले आहेत हे कोणी सांगितले तर त्यांना गंमत वाटेल, पण तसे आहे खरे.

कात्री, पक्कड, सांडशी आणि तराजू यांत टेकू मध्ये असतो. शिंप्याची कात्री आणि पत्रा कापायची कात्री शेजारी ठेवून पाहा. पत्र्याच्या कात्रीचे पाते आखूड आणि मुठी लांब, कारण तेथे जोर पाहिजे. शिंप्याच्या कात्रीचे पाते लांब, कारण कापडाला फारसा जोर लागत नाही, एका दाबात हातभर सरळ काप हवा असतो. जाड कापड आले की शिंपी ते खिळ्याच्या जवळ आणून कापतो. हे गणित त्याला कोणी शिकवले नाही, मनगटाने शिकवले.

आता खिळ्याकडे या. चांगल्या कात्रीची पाती अगदी सपाट नसतात. त्यांना किंचित बाक असतो, त्यामुळे दोन्ही पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि मूठ दाबत जावी तसा तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. हे घडायचे तर खिळ्याने पाती नेमकी एकमेकांवर दाबून धरली पाहिजेत. खिळा सैल झाला की पात्यांच्या मध्ये फट पडते आणि कापड कापले न जाता त्या फटीत दुमडते. मग गिऱ्हाईक म्हणते, धार गेली. चाकावर धार लावून दिली तरी आठवड्यात तीच तक्रार घेऊन ते परत येते. जुने जाणते शिकलगार आधी खिळा ठोकून बसवतात, पाती उघडमीट करून कानाने आवाज ऐकतात आणि मगच चाकाला हात घालतात. नवीन पोरे धार लावून मोकळी होतात. चाक तेच आणि दगडही तोच असतो, पण खिळा तपासायच्या त्या दोन मिनिटांनी गिऱ्हाईक बांधले जाते किंवा तुटते.

उत्तर प्रदेशातील मेरठची कात्री याच कारणाने नाव मिळवून आहे. तेथील मुसलमान कारागिरांचा हा पिढीजात धंदा. जुन्या गाड्यांच्या भंगारातील पोलाद तापवून, घडवून पाती करायची, ती हाताने एकमेकांशी जुळवायची आणि खिळ्याने जोडायची, अशी ती पद्धत. 2013 मध्ये मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा खिळा काढता येतो, पाती पुन्हा घासता येतात, जोडणी पुन्हा घट्ट करता येते. स्वस्तातील तयार कात्रीत हे बहुधा जमत नाही. आपल्याकडचा कारागीर स्वस्त मालाशी भावात झगडायला जातो आणि हरतो. त्याने दुरुस्त होणारा खिळा दाखवून माल विकावा, असे आम्हांला वाटते. गिऱ्हाइकाला खिळा दिसत नाही, म्हणून तो दाखवावा लागतो.

जालना आणि सोलापूरचा धडा

टेकूने केवढा फरक पडतो याचा मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे. गावोगाव बोअरवर बसवलेला लांब दांड्याचा हातपंप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. 1960 नंतरच्या दुष्काळी काळात देशात बोअर खणण्याचे काम वाढले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे पंप बसू लागले. ते मुळात परदेशातील एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठी केलेल्या पंपांच्या नकला होत्या. येथे एका पंपावर सारे गाव येऊ लागले. सकाळपासून रात्रीपर्यंत दांडा हलत राहिला. पंप मोडत गेले आणि मोडत ते सांध्यांशी, म्हणजे टेकूशी. त्या दांड्यांना एकाहून अधिक खिळे असत. प्रत्येक खिळा झिजे, दांडा डुलू लागे आणि आतली सळई वाकडी ओढली जाई.

जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी या दुखण्यावर पोलादी दांड्याचा, एकाच आसावर फिरणारा पंप तयार केला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली. दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाचा चौथा भाग असावा तसा तुकडा आणि त्यावरून जाणारी साखळी. दांडा वर्तुळात फिरतो, पण साखळीमुळे खालची सळई नेहमी सरळ उभी ओढली जाते. 1970 नंतरच्या दशकात सरकार आणि युनिसेफ यांनी या सोलापूर पंपाचा नमुना समोर ठेवून 'इंडिया मार्क टू' पंप सिद्ध केला. तो पुढे अनेक देशांत गेला.

त्याचे गणित पाहण्यासारखे आहे. आतील नळकांड्याचा व्यास 63.5 मिलिमीटर. पाणी 30 मीटर खोल असले तर डोक्यावर सुमारे 95 किलो पाण्याचा भार येतो. सळयांचे वजन वेगळे. दांड्याचे प्रमाण आठास एक असल्याने पाण्यापुरता जोर जेमतेम 12 किलोचा लागतो. दहा वर्षांची पोरगीही दोन्ही हातांनी पंप मारू शकते ती या आठपटीमुळे. त्याची किंमत अंतरात मोजली जाते. सळई 125 मिलिमीटर वर येण्यासाठी हाताला एक मीटर खाली-वर जावे लागते. हे सारे फिरते ते एका आसावर आणि त्या आसाला बॉलबेअरिंग आहे. साध्या खिळ्याच्या जागी बेअरिंग घातल्याने पंपाची किंमत वाढली असेल, पण वर्षानुवर्षे पाणी मिळत राहिले. फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांनी हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

सीसॉ बनवणाऱ्यांसाठी

अलीकडे शाळा, सोसायट्या आणि नगरपालिकांच्या बागा यांतून घसरगुंडी, झोपाळे, सीसॉ यांची कामे निघतात आणि ती बहुतेक गावातील वेल्डिंगवाल्यांकडेच येतात. सीसॉ म्हणजे निव्वळ तरफ. 20 किलोचे मूल टेकूपासून दीड मीटरवर बसले आणि 30 किलोचे एक मीटरवर, तर दोघे बरोबर तोलतात. दीड गुणिले 20 म्हणजे 30 आणि एक गुणिले 30 म्हणजेही 30. म्हणून दोन्ही टोकांना एकेकच बैठक न ठेवता आतल्या अंगाला आणखी एक बैठक आणि धरायला कडी दिली तर लहान-मोठी भावंडे एकत्र खेळू शकतात. फार खर्चाची गोष्ट नाही. तरी हे क्वचितच केलेले दिसते.

पण खरी चूक दुसरीकडे होते. तीन मीटर पाइप घ्यायचा, मधोमध भोक पाडायचे, त्यातून बोल्ट घालायचा आणि तो दोन खांबांत अडकवायचा, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. सीसॉच्या पाइपावर सर्वांत जास्त वाकवणारा ताण नेमका मधोमध असतो. टोकाला 40 किलोचे मूल असेल तर त्याचा ताण दीड मीटर गुणिले 40, म्हणजे 60. संध्याकाळी बागेत 70 किलोचे मोठे लोक मजेने बसतात तेव्हा तो 105 होतो. टोकाकडे हा ताण शून्यावर येतो. म्हणजे पाइप जेथे सर्वांत भक्कम हवा तेथेच आपण भोक पाडून त्याला कमजोर करतो. वर त्याच भोकात पावसाचे पाणी शिरते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि एके दिवशी पोर खाली येते.

उपाय साधा आहे. मधला पाइप अखंड ठेवावा. त्याच्या खाली जाड पत्र्याचा पट्टा किंवा खोबण वेल्ड करून आसाची नळी त्या पट्ट्याला जोडावी. आत पितळी बुश किंवा बेअरिंग घालावे, तेल-ग्रीस भरायला जागा ठेवावी. मधल्या एक मीटरपुरता दुसरा पाइप बाहेरून चढवला तर फारच उत्तम. फिरणारा भाग आणि खांब यांच्यातील फट अशी ठेवावी की लहान बोट तेथे चेंगरणार नाही; एक तर बोट शिरूच नये, नाहीतर ते मोकळेपणे बाहेर निघावे. दोन्ही टोकांखाली जुने टायर अर्धे गाडले की आपटण्याचा धक्का पाठीच्या कण्याला बसत नाही. बिल देताना बेअरिंग आणि मधल्या मजबुतीची रक्कम वेगळी लिहावी. कमी भावाचे दुसरे कोटेशन आले तर बाग समितीला दोन्हींतला फरक तरी कागदावर दिसेल. काही ठिकाणी तरीही स्वस्तातले काम मंजूर होईल, हे आम्ही जाणतो.

तराजूची दांडी

आता त्या तरफेकडे येऊ, जिच्याशी आपले दीनही जोडलेले आहे. कुरआन शरीफात तराजूचा उल्लेख वारंवार येतो. सूरह रहमानमध्ये तोल बिघडवू नये अशी ताकीद आहे आणि सूरह मुतफ्फिफीनमध्ये तर घेताना पुरेपूर आणि देताना कमी, अशी दुहेरी मापे ठेवणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. हजरत शुऐब (अलै.) यांच्या मदयनच्या कौमचा अपराध बाजारातला होता, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

दीनमध्ये तराजूला एवढे महत्त्व असल्याने असेल कदाचित, पण मुसलमानी राजवटींतील विद्वानांनी या दांडीवर फार बारीक विचार केला. नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा याने एका आखूड आणि एका लांब भुजेच्या काट्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा स्वतः साबी पंथाचा, पण काम केले ते खलिफांच्या बगदादमध्ये आणि अरबीत. दांडीला स्वतःचेही वजन असते आणि ते हिशेबात धरावे लागते, हा त्याचा मुद्दा. पुढे मर्व शहरात, जे आज तुर्कमेनिस्तानात आहे, अब्दुर्रहमान अल-खाझिनी याने 1121 च्या सुमारास 'मीजानुल हिकमा' हा ग्रंथ सिद्ध केला. मूळचा ग्रीक गुलाम, मालकाने शिकवून मोठा केलेला. त्याच्या तराजूला पाच पारडी होती. धातू हवेत आणि पाण्यात तोलून सोन्यात चांदी किती मिसळली आहे हे त्यावर ओळखता येई. दांडीचा आस कोठे असावा, यावरही त्याने लिहिले. आस दांडीच्या गुरुत्वमध्याच्या वर असेल तर ती कलून पुन्हा जागेवर येते, फार वर असेल तर मंद होते आणि खाली गेला तर उलटते. आजचा तराजू बनवणारा कारागीरही हेच जपतो.

अल-खाझिनीच्या आधी अल-इस्फिझारी नावाच्या विद्वानाने असाच तराजू केला होता. त्याची हकीकत अशी सांगितली जाते की सुलतान संजरच्या खजिनदाराने तो तराजू फोडून टाकला, कारण त्यावर खजिन्यातील लबाडी उघडी पडली असती. इस्फिझारी त्या दुःखाने गेला, असे म्हणतात. खरा तराजू कोणाला नको असतो, ते त्या काळीही ठरलेले होते.

बाजारावर नजर ठेवणाऱ्या मुहतसिबांसाठी बाराव्या शतकापासून हस्तपुस्तिका लिहिल्या गेल्या. पारड्यांना चिकटलेले तेल आणि मळ वरचेवर पुसावा, अशी बारीक सूचना त्यांत आहे. आपल्या तेल-तुपाच्या किती दुकानांत हे होते?

आपल्याकडे पासंग हा शब्द प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. रिकामी पारडी समपातळीत नसली की हलक्या बाजूला खडा बांधून पासंग काढतात. पण येथेच एक गैरसमज आहे. रिकामी दांडी सरळ उभी राहिली म्हणजे तराजू खरा, असे नाही. दांडीच्या दोन भुजा लहान-मोठ्या असतील आणि पारड्यांचे वजन त्याप्रमाणे कमी-जास्त केले असेल तर रिकाम्या दांडीत काहीच दोष दिसत नाही. समजा एक भुजा 20 सेंटिमीटर आणि दुसरी 19. माल लांब भुजेकडे आणि किलोचे वजन आखूड भुजेकडे ठेवले तर गिऱ्हाइकाला 950 ग्रॅमच मिळतात. माल आखूड भुजेकडे ठेवला तर 1053 ग्रॅम जातात. भुजांतील फरक मुद्दाम केला असेल तर ती काटामारी. पण दांडी आपटून, वाकून, मधली धार एका अंगाने झिजून असा फरक नकळतही पडतो, आणि मग प्रामाणिक माणूसही रोज कोणाचा तरी हक्क बुडवत बसतो.

काही दुकानदार म्हणतात, एका गिऱ्हाइकाला या पारड्यातून दिले, दुसऱ्याला त्या पारड्यातून, म्हणजे भागले. हिशेबानेही हे भागत नाही. वरच्या उदाहरणात दोन किलोमागे दुकानदाराचे अडीच ग्रॅम जादाच जातात. ते सोडा. पहिल्या गिऱ्हाइकाचे कमी पडलेले 50 ग्रॅम दुसऱ्याला देऊन पहिल्याचे देणे फिटत नाही.

भंगारवाल्या बांधवांचा प्लॅटफॉर्मचा काटा तर आणखी नाजूक. त्यात एकाखाली एक अशा तरफा जोडलेल्या असतात आणि बहुधा प्रमाण शंभरास एक असते. अडकवायच्या वजनावर दहा ग्रॅम चिखल चिकटला की फळीवरच्या मालात एक किलोचा फरक पडतो. रद्दी-पत्रा विकायला येणारी माणसे गरीब असतात आणि त्यांना काटा वाचता येत नाही. म्हणून येथे जबाबदारी दुप्पट आहे. आता बागवान, मासळीवाले आणि भंगारवाले इलेक्ट्रॉनिक काटे वापरू लागले आहेत. त्यांच्या पोटातही धातूची एक लहान दांडी असते. ती भाराने केसभर वाकते आणि त्या वाकण्यावरून आकडा उमटतो. दांडी गेली नाही, नजरेआड झाली एवढेच. काटा तिरक्या फळीवर ठेवला, खाली पिशवी अडकली, की तोही चुकतो.

2009 चा वैध मापन कायदा 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे. त्यानुसार वजने, काटे आणि दांडीचे तराजू ठराविक मुदतीत तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात. ते करावेच. पण शिक्का मारल्याच्या दुसऱ्या दिवशीही दांडी आपटू शकते. म्हणून दुकानात स्वतः तपासायची रीत सांगतो.

पहिली तपासणी: एका पारड्यात किलोचे शिक्क्याचे वजन आणि दुसऱ्यात तेवढीच वाळू किंवा तांदूळ घालून दांडी सरळ करा. आता दोन्हींची पारडी बदला. दांडी सरळ राहिली तर भुजा समान आहेत. कलली तर तराजू दुरुस्तीला द्या.

दुरुस्त होऊन येईपर्यंत एखादी मोलाची वस्तू तोलायची वेळ आलीच तर ती एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्या पारड्यात वाळू घालून दांडी सरळ करा. मग वाळूला हात न लावता वस्तू उचला आणि तिच्याच जागी, त्याच पारड्यात, दांडी पुन्हा सरळ होईपर्यंत शिक्क्याची वजने ठेवत जा. वस्तू आणि वजने दोन्ही एकाच भुजेवर तोलली गेल्याने भुजा लहान-मोठ्या असल्या तरी बिघडत नाही. या कामाला पाच मिनिटे आणि मूठभर वाळू लागते.